सासूबाईंना लघवीची नळी लावून घरी आणलंय. इन्फेक्शन होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की खुब्याच्या ऑपरेशननंतर ८२ वर्षांच्या सासूबाईंना नळीसकट घरी सोडलंय, ब्युरोच्या मावशी दिवसभर असतात आणि खोली रोज दोनदा फिनेलनं पुसून घेता. पुसत राहा, पण आजींपर्यंत जंतू पोचतात ते बहुतेक हातांवरून. मी नर्स आहे, घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते, नळ्या बदलते. म्हणून आधी हातांचंच सांगते.

मावशींचं काम एकदा शेजारी बसून नीट बघा. बऱ्याच घरांत डायपर बदलला की त्याच ग्लोव्हजनं चादर सारखी होते, पलंगाचा कठडा धरला जातो आणि युरिन बॅगेची तोटीही उघडली जाते. अशानं मावशींचे हात स्वच्छ राहतात, पण आजींना काही संरक्षण मिळत नाही. डायपर झाला की ग्लोव्हज कचऱ्यात टाकायचे, साबणानं निदान २० सेकंद हात चोळायचे, अंगठे आणि नखांच्या कडासुद्धा, आणि मगच दुसरं काम. सॅनिटायझर एरवी चालतं. हाताला घाण लागली असेल तर साबण-पाणीच हवं. यावरून मावशींना बोलू नका. बेसिन लांब असेल तर दिवसातून दहादा कोण उठून जाईल? ग्लोव्हजचा खोका, सॅनिटायझर आणि पायानं उघडणारा कचऱ्याचा डबा पलंगाजवळच ठेवा.

युरिन बॅग कायम ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर हवी, पण जमिनीला टेकलेली नको. व्हीलचेअरवर बसवताना ती हमखास मांडीवर ठेवली जाते आणि लघवी उलटी आत जाऊ शकते. बॅग गच्च भरू देऊ नका, रिकामी करताना तोटी मगाला टेकवू नका, नळी आणि बॅगेचा जोड उगाच सोडू नका. नळीभोवती रोज साधा साबण आणि पाणी पुरे, पुसायचं पुढून मागे. डेटॉल नको, त्वचा सोलवटते.

आणि नळी काढता येईल का, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. ती जितके दिवस राहील तितका धोका वाढतो. घरी आल्यावर हे विचारायचं राहूनच जातं.

या वयात इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही. अचानक असंबद्ध बोलणं, जेवण नको म्हणणं, दिवसभर गुंगी, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उलट, त्रास काहीच नाही पण लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू आले, म्हणून घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका. नळी महिनाभर राहिली की जंतू जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत सापडतात.

भरवताना बसतं करा, नंतर अर्धा तास तसंच ठेवा, म्हणजे घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया व्हायची भीती कमी होते. फ्लूची लस दरवर्षी द्यायची असते, तीही डॉक्टरांना विचारून घ्या.

ब्युरोकडून मावशी बदलून आल्या, तर पहिल्या दिवशी बॅग रिकामी करून तुम्ही स्वतः दाखवा.