ते डोंगर खरे आहेत का?

प्रश्न : चिनी निसर्गचित्रांच्या एका पुस्तकात सुळक्यांसारखे उभे डोंगर, खडकाच्या भेगांतून वाकून बाहेर आलेली पाइनची झाडे आणि मध्येच धुक्यात नाहीसे होणारे कडे पाहिले. अनेक चित्रांखाली ‘ह्वांगशान’ हे एकच नाव होते. असा पर्वत खरोखर आहे, की ती चित्रकारांची कल्पना आहे? ही चित्रे पाहायची तर सुरुवात कोणापासून करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पर्वत खरा आहे. तो पूर्व चीनमधील आनह्वेई प्रांतात असून त्याच्या सर्वांत उंच शिखराची उंची 1,864 मीटर आहे. आपल्याला तो कल्पित वाटतो, कारण आपली नजर सह्याद्रीच्या बेसाल्टला, म्हणजे थरावर थर रचल्यासारख्या आडव्या कड्यांना सरावलेली असते. ह्वांगशान ग्रॅनाइटचा आहे. या खडकाला उभ्या भेगा पडतात, भेगांत पाणी आणि बर्फ शिरून दगड सुटत जातो आणि शेवटी सुळके तेवढे उभे राहतात. त्याच भेगांत पाइनची झाडे मूळ धरतात. दऱ्यांतील दमट हवा वर चढताना थंड होऊन ढग होते आणि शिखरे त्या ढगांवर बेटांसारखी दिसू लागतात. चित्रातला नाहीसा होणारा कडा चित्रकाराने प्रत्यक्ष पाहिलेला असतो.

या पर्वताला हे नाव थांग राजवटीत, 747 मध्ये मिळाले. तथापि चित्रकारांचा तो खऱ्या अर्थाने झाला सतराव्या शतकात. त्या शतकाच्या आरंभी भिक्षूंनी तेथे मठ उभारले, वाटा पाडल्या आणि वर जाणे शक्य झाले. पायथ्याच्या ह्वेइचौ परिसरातील धनाढ्य व्यापारी चित्रांचे संग्राहक होते. मात्र माझ्या मते सर्वांत खोल कारण वेगळे आहे. 1644 मध्ये मिंग राजवट कोसळून मांचूंची सत्ता आली आणि जुन्या राजवटीशी निष्ठा राखणाऱ्या अनेक सुशिक्षितांना नव्या दरबारात चाकरी नको होती. राज्य बदलले तरी जागचा न हललेला हा पर्वत त्यांना आपला वाटला असावा.

होंगरेन (1610–1664) हा त्यांच्यापैकीच एक. तो याच परिसरात जन्मला आणि मिंग सत्तेच्या पाडावानंतर बौद्ध भिक्षू झाला. ह्वांगशानच्या साठ दृश्यांचा त्याचा चित्रसंपुट प्रसिद्ध आहे. त्याच्या चित्रांत शाई थोडी, रेषा कोरडी आणि खडक कोनाकोनांचे असतात. माणूस बहुधा नसतोच. शिताओ (1642–1707) हा तर मिंग राजघराण्यातलाच. कुटुंबाची वाताहत झाल्यावर त्याला लहानपणीच मठात आसरा मिळाला. त्याचा कुंचला ओला आणि चंचल असून प्रत्येक चित्रात तो नवी रीत शोधतो. ‘ह्वांगशान माझा गुरू आहे आणि मी ह्वांगशानचा मित्र आहे’ असे त्याने म्हटले. त्याचा ज्येष्ठ स्नेही मेई छिंग (1623–1697) याने डोंगरही ढगांसारखे वळणदार काढले. शिताओला या पर्वताचा प्राण, मेई छिंगला त्याची छाया आणि होंगरेनला त्याचे द्रव्य सापडले, असे चिनी कलारसिक म्हणत आले आहेत. ही वाटणी थोडी ठोकळेबाज असली, तरी तिघांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली की तिच्यातले तथ्य पटते.

ही ओढ पुढेही टिकली. विसाव्या शतकातील ल्यू हायसू हा चित्रकार 1918 पासून दहा वेळा ह्वांगशानवर गेला. 1988 मधील दहाव्या वेळी त्याने नव्वदी ओलांडली होती.

आपण सुरुवात होंगरेनपासून करावी, असे मी सुचवीन. त्याच्या चित्रांत प्रथम रेषांकडे नव्हे, तर त्याने कोऱ्या सोडलेल्या कागदाकडे पाहावे. तोच कागद कोठे ग्रॅनाइटचा उघडा पृष्ठभाग होतो आणि कोठे ढग, हे डोळ्यांना उमगू लागले की मग शिताओकडे वळावे.