यांत्रिक नौका असलेल्याने मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद व्हावे का?

होय, मासेमारी हाच तुमचा मुख्य व्यवसाय असेल आणि नौका नोंदणीकृत असेल, तर गावातील मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासदत्व अवश्य घ्यावे. मुख्य कारण डिझेलचे आहे. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील मूल्यवर्धित कराची (व्हॅटची) प्रतिपूर्ती, म्हणजे भरलेल्या कराचा परतावा, संस्थेमार्फत मिळते, त्यामुळे संस्थेबाहेर राहणाऱ्याला इंधनाचा पूर्ण भाव सोसावा लागतो, आणि लहान नौकामालकाचा नफा बहुधा त्याच फरकात असतो. मात्र ही रक्कम अनेकदा उशिरा हाती येते. तिच्या भरवशावर कर्जाचे हप्ते ठरवू नयेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील ५ लाख रुपयांच्या अपघाती मृत्यू विम्यासाठी नाव नोंदवतानाही संस्थेची मदत होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नकाराविरुद्ध सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अपील करता येते, म्हणून अर्ज लेखीच द्यावा व पोच घ्यावी. भाग भांडवल भरण्यापूर्वी एवढे पाहावे:

- मागील लेखापरीक्षणाचा वर्ग; ‘क’ किंवा ‘ड’ हे खालचे वर्ग असल्यास कारण विचारावे.
- प्रतिपूर्तीची मागील रक्कम सभासदांना प्रत्यक्ष केव्हा मिळाली, हे दोन-तीन नौकामालकांकडूनच जाणून घ्यावे.

सुटीच्या दिवशी हौसेने गरी टाकणाऱ्यास मात्र या सभासदत्वाचा उपयोग नाही, कारण संस्था क्रियाशील मच्छीमारांसाठी असते.