बोरिंगवर पाणी भरणं ‘बोरिंग’ आहे, पण…

तुम्ही विचारलंय की रोजची कंटाळवाणी, वेळखाऊ कामं इंग्रजीत कशी सांगायची, दरवेळी ‘बोरिंग’च तोंडात येतं. आमच्या विदर्भातल्या दर्यापूरकडे बोरिंग म्हणजे हापशी, त्यामुळे वाचून आधी हसूच आलं.

मी गावातल्या पोरांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. दरवर्षी कोणीतरी ‘आय ॲम बोरिंग’ म्हणतंच. त्याचा अर्थ ‘मीच कंटाळवाणा आहे’ असा होतो. कंटाळा आला असेल तर ‘आय ॲम बोअर्ड’.

आता कामं. झाडलोट, भांडी, ढोरांचं शेण काढणं, पाणी भरणं, म्हणजे न चुकणारी घरची कामं, ती ‘चोअर्स’. बाहेर जाऊन उरकायचं किरकोळ काम म्हणजे ‘एरंड’: दळण आणणं, सातबारा काढणं. ‘रन ॲन एरंड’ म्हणतात. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या एरंडाशी त्याचा संबंध नाही. पण लिंक नाही म्हणून सेतू केंद्रातून तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं परतलात, तर त्या एरंडाचं गुऱ्हाळ झालंच समजा.

माझा आवडता शब्द ‘टीडियस’. तेच ते, लांबलचक, जीव विटवणारं. अर्थ सांगण्यापेक्षा मी पोरांना कापूस वेचणी आठवायला सांगतो. एका बोंडातून साधारण 4 ग्रॅम कापूस निघतो असं धरा. म्हणजे एका क्विंटलसाठी 25 हजार वेळा बोंडात हात घालायचा. वाळलेल्या टोकांनी बोटं सोलतात, कंबर धरते, आणि पहिला वेचा झाला की दुसऱ्याला पुन्हा त्याच पऱ्हाटीपाशी. उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटचा वेचा होईपर्यंत हेच. ‘पिकिंग कॉटन इज टीडियस’ हे वाक्य मग कोणी विसरत नाही.

‘ड्रजरी’ त्याहून जड आहे: सुटका नसलेले, कोणी दखल न घेणारे कष्ट. नळ उशिरा आला म्हणून वापरू नका. गाढवमेहनतीला मात्र इंग्रजीतही गाढवच आहे, ‘डाँकी वर्क’.

राहिलं वेळखाऊ, म्हणजे ‘टाइम-कन्झ्युमिंग’. यात कंटाळा असलाच पाहिजे असं नाही, इथंच बरेच जण फसतात. उन्हाळ्यात आई सरगुंडे, म्हणजे कणीक काडीवर वळून केलेल्या शेवया, करायला बसते तेव्हा अख्खी दुपार जाते. ते टाइम-कन्झ्युमिंग खरं, पण टीडियस नाही. शेजारच्या चार बाया सोबत असतात, गावातल्या सगळ्या बातम्या काडीवर गुंडाळून होतात, आणि तिला दुपार कमीच पडते.