पावत्यांची यादी रिकामी दिसतेय? आधी जुनी फाइल शोधा, मग कोड बदला

बेदाणा कोल्ड स्टोरेजच्या पावत्यांचं, नोड.जेएसमध्ये लिहिलेलं अ‍ॅप लॅपटॉपवर नीट चालतं, पण कुपवाडच्या ऑफिसातल्या उबंटू मशीनवर लाइट जाऊन आली की लोगोची फाइल सापडत नाही म्हणून ईएनओईएनटी ही एरर येतं आणि पावत्यांची यादी रिकामी दिसते, असं तुम्ही लिहिलंय. लोगोचं सोडा. त्या रिकाम्या यादीसाठी लिहायला बसलोय. (नावं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच रोमन.)

काहीही रिइन्स्टॉल करू नका. सर्व्हिस थांबवा आणि फाइंड कमांडने अख्ख्या डिस्कवर तुमच्या एसक्यूलाइट (सगळा डेटा एका फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस) फाइलचं नाव शोधा. बहुतेक दोन सापडतील: प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक, थेट '/' मध्ये, म्हणजे डिस्कच्या सर्वांत वरच्या फोल्डरात, दुसरी. तारीख आणि साइज बघून जुनी, मोठी फाइल कॉपी करून ठेवा. तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी '-वॉल' (रोमनमध्ये डब्ल्यू, ए, एल) असलेली फाइल असेल तर तीही सोबत घ्या, ताज्या नोंदी तिच्यात असू शकतात. लाइट आल्यानंतर पावत्या टाकल्या असतील तर त्या दुसऱ्या फाइलमध्ये आहेत, म्हणून तीही उडवू नका.

कारण कोडमध्ये फाइलच्या पाथआधी लिहिलेल्या './' मध्ये आहे. रिक्वायर('./...') मधला टिंब म्हणजे ती कोडची फाइल जिथे आहे ते फोल्डर. एफएस (नोडचं फाइली वाचायचं-लिहायचं मॉड्यूल) किंवा एसक्यूलाइटला दिलेला टिंब म्हणजे प्रोसेस जिथे उभी आहे ते फोल्डर, म्हणजेच प्रोसेस.सीडब्ल्यूडी(). आणि प्रोसेस कुठे उभी राहणार हे ती सुरू करणारा ठरवतो. टर्मिनलवरून सुरू केली तर तुम्ही ज्या फोल्डरात आहात तिथे, एनपीएम स्टार्टने पॅकेज.जेसन असलेल्या फोल्डरात, क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा) यूझरच्या होम फोल्डरात, आणि सिस्टमडीच्या (मशीन सुरू होताना सर्व्हिसेस चालू करणारा) सिस्टम सर्व्हिसने, काही सांगितलं नसेल तर, '/' मध्ये. लाइट आल्यावर अ‍ॅप तुम्ही नाही, सिस्टमडीने सुरू केलं. तुमची सर्व्हिस रूट यूझरनेच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूझरने, चालत असणार. साध्या यूझरला '/' मध्ये फाइल तयार करता आली नसती, म्हणजे निदान एरर तरी दिसली असती. रूटला ती करता आली, आणि फाइल नसेल तर एसक्यूलाइट गुपचूप नवी रिकामी बनवतो.

याच गुपचूपपणाने माझं सर्वांत मोठं नुकसान केलं. रात्रीचा बॅकअप क्रॉनवर होता आणि स्क्रिप्टमध्ये पाथ './' ने सुरू होत होता. क्रॉन होम फोल्डरात उभा, तिथे रिकामा डेटाबेस तयार झाला आणि रोज रात्री त्याचाच बॅकअप निघत राहिला. सातच प्रती ठेवत होतो, म्हणून आठवड्यात सगळ्या चांगल्या प्रती पुसल्या गेल्या. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या हेल्पडेस्कला विचारलं तर प्रत्येक वेळी एकच उत्तर: परमिशन ७७७ करा. प्रश्न परमिशनचा नव्हताच. तुम्हालाही कोणी ७७७ सांगेल, करू नका. त्याने पाथ बदलत नाही, फक्त सगळ्यांना लिहायची मुभा मिळते. आणि बॅकअप उघडून आतल्या ओळी मोजल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका, हे कळकळीने सांगतोय.

आता कोड. प्रोजेक्टच्या सर्वांत वरच्या फोल्डरात रूट.जेएस नावाची फाइल करा. आत एकच ओळ: मॉड्यूल.एक्सपोर्ट्स = __डिरनेम. लोगो, टेम्प्लेट, सगळ्यांचे पाथ तिथून पाथ.जॉइनने बांधा. ईएस मॉड्यूल (रिक्वायरऐवजी इम्पोर्टवालं) असेल तर __डिरनेम मिळत नाही. नोड २०.११ पासून त्या मालिकेत इम्पोर्ट.मेटा.डिरनेम आहे. त्याआधीच्या नोडवर इम्पोर्ट.मेटा.यूआरएल फाइलयूआरएलटूपाथमधून काढा. नुसतं यूआरएलचं .पाथनेम घेऊ नका: फोल्डरच्या नावात स्पेस किंवा मराठी अक्षरं असतील तर तिथे टक्क्यांची चिन्हं येतात आणि पुन्हा ईएनओईएनटी.

टाइपस्क्रिप्टवाल्यांनी जरा थांबावं. तिथे __डिरनेम डिस्टमधलं, म्हणजे तयार झालेली जेएस जिथे पडते त्या फोल्डरातलं, मिळतं. टीएसकॉन्फिगमध्ये रूटडिर लिहिलेलं नसेल आणि कोणी एसआरसीच्या (मूळ कोडचं फोल्डर) बाहेरची फाइल इम्पोर्ट केली, की आउटपुट डिस्ट/एसआरसीमध्ये जातं आणि तुमचे '..' एकने कमी पडतात. रूटडिर लिहूनच टाका.

रिक्वायर.मेन.फाइलनेम वापरायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल. माझं मत विरोधात आहे. मोका या टेस्टच्या टूलने टेस्ट चालवल्या की मुख्य फाइल मोकाची असते, तुमची नाही. वर चढत पॅकेज.जेसन शोधणंही मला पटत नाही, एका रेपोत अनेक पॅकेजेस असली की जवळचंच सापडतं. फक्त सिस्टमडीत वर्किंगडिरेक्टरी लिहून भागतं असंही म्हणतात. जरूर लिहा, पण क्रॉनला ती ओळ लागू होत नाही.

डेटाबेस मात्र प्रोजेक्टच्या रूटमध्ये ठेवूच नका. /व्हार/लिबखाली वेगळं फोल्डर करा, पूर्ण पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या आणि सुरुवातीलाच पाथ.इझअ‍ॅब्सोल्यूटने तपासा, खोटं आलं तर अ‍ॅप तिथेच बंद पडू दे. बेटर-एसक्यूलाइट३ वापरत असाल तर फाइलमस्टएक्झिस्ट: ट्रू द्या, मग रिकामी फाइल बनणार नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फाइलमधून वाचणारं डॉटएन्व्ह पॅकेज वापरत असाल तर तोही .ईएनव्ही फाइल सीडब्ल्यूडीतच शोधतो आणि ती नसली तरी अ‍ॅप थांबवत नाही, म्हणून त्यालाही रूट.जेएसमधून पूर्ण पाथ द्या.

हे सगळं लिनक्सपुरतं. विंडोज सर्व्हिस असेल तर प्रोसेस कुठे उभी राहते ते वेगळं तपासावं लागेल.

बदल केल्यावर लाइट जायची वाट बघू नका. सीडी / करा आणि नोडला अ‍ॅपचा पूर्ण पाथ देऊन चालवा. लोगो आणि जुन्या पावत्या दोन्ही दिसल्या तरच सर्व्हिस सुरू करा. मग /प्रॉक/ पुढे प्रोसेसचा नंबर आणि /सीडब्ल्यूडी असा पाथ एलएस -एल ने बघा, ती नेमकी कुठे उभी आहे ते दिसेल. दुसरी फाइल सापडली का, तेवढं इथे कळवा. दोन्हींतल्या पावत्या एकत्र करायच्या असतील तर टेबलची रचना टाका.