एक्सेल जास्तच शहाणपणा करतं, काय करू?

या वेळच्या पत्रांत एक गंमत झाली. तिघांनी तीन वेगळे प्रश्न विचारलेत पण दुखणं एकच आहे: डेटाबेसमधला डेटा एक्सेलमध्ये आणायचाय आणि तो आणताना बिघडतोय. म्हणून तिन्ही एकत्रच घेतो.

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, ब वर्गाचं. पुस्तकांच्या नोंदी जुन्या अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये आहेत, फार पूर्वी कुणीतरी बनवून दिलेली. कार्यकारिणीला पूर्ण यादी एक्सेलमध्ये हवीये. मी सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) काढली, डबलक्लिक करून उघडली तर दाखल क्रमांकाच्या पुढची शून्यं गायब, आयएसबीएनच्या (पुस्तकाच्या तेरा आकडी क्रमांकाच्या) जागी ९.७८ई+१२ असलं काहीतरी, खरेदीच्या तारखा अर्ध्या उलट्या आणि मराठी नावांचा तर पार चिवडा. अ‍ॅक्सेसमध्ये मात्र सगळं व्यवस्थित दिसतं. माझं काय चुकलं?
(एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

उत्तर: ताई, डबलक्लिक केलंत तेवढंच चुकलं.

डेटाबेसमध्ये प्रत्येक कॉलमचा प्रकार ठरलेला असतो, हा मजकूर, हा आकडा, ही तारीख. सीएसव्ही काढली की ही माहिती मागेच राहते, हातात नुसती स्वल्पविराम टाकलेली अक्षरं येतात, आणि मग एक्सेल स्वतःच अंदाज बांधतं. ००४१७ दिसलं, हा आकडा आहे, मग शून्यं कशाला, ४१७ करू. वर्गांक ८९१.४६० असेल तर शेवटचं शून्य उडवू. प्रतीच्या कॉलममध्ये ३-५ लिहिलंय? तारीख असणार! बरं हे सगळं तुम्हाला न विचारता, आणि ही खोड जुनीच आहे. माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च आणि सेप्ट या अक्षरांनी सुरू होणारी काही नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शास्त्रज्ञांनी हात टेकले तिथे आपण कोण.

आयएसबीएनचं तसं घाबरण्यासारखं नाही. तेरा आकडे आहेत, एक्सेल पंधरापर्यंत नीट धरतं, फक्त दाखवताना आखडतं घेतं. कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट नंबर करा, दशांश शून्य ठेवा, परत दिसेल. पण तशा आखडलेल्या अवस्थेत फाइल परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केलीत तर मात्र खलास, कारण सीएसव्हीत जे दिसतंय तेच उतरतं. आणि सोळा आकडी खातेनंबर वगैरे असेल तर सोळावा आकडा आल्या आल्या शून्य होतो, तो नंतर कुठूनही परत आणता येत नाही.

तारखांचं निदान बघूनच होतं. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०३/२०१९ म्हणजे आपला ५ मार्च, तो ३ मे होतो आणि उजवीकडे सरकतो. २५/०३/२०१९ मध्ये पंचविसावा महिना त्याला सापडत नाही म्हणून तो मजकूर म्हणून डावीकडेच चिकटून राहतो. डावीकडचे दिसतात तरी, घात उजवीकडचे करतात कारण ते चुकलेत हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

तर आता सीएसव्हीचा नाद सोडा. कोरी एक्सेल शीट उघडा, डेटा टॅबमध्ये गेट डेटा, त्यात फ्रॉम डेटाबेस, त्यात अ‍ॅक्सेस डेटाबेस, आणि तुमची फाइल दाखवा. (एक्सेल २०१६ पासून हे आतच असतं.) टेबलांची यादी येईल, पुस्तकांचं टेबल निवडा आणि लगेच लोड न करता ट्रान्सफॉर्म डेटा दाबा. प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर छोटं चिन्ह दिसेल, एबीसी म्हणजे मजकूर, १२३ म्हणजे आकडा. दाखल क्रमांकावर एबीसी आहे ना बघा, मग क्लोज अँड लोड. मूळ टेबलातच तो आकडा म्हणून ठेवला असेल तर पुढची शून्यं तिथेही फक्त दाखवण्यापुरतीच होती, तेव्हा एक्सेलमध्ये फॉरमॅट लावून घ्या.

प्रोव्हायडर (एक्सेलला डेटाबेसशी जोडणारा भाग) रजिस्टर्ड नाही असा मेसेज आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा ३२ बिट आणि ६४ बिटचं भांडण असतं. फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेलमध्ये तुमचं ऑफिस कुठलं ते लिहिलेलं असतं, त्याच बिटचं अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं ते टाका.

राहिलं मराठी. अ‍ॅक्सेसमध्ये नीट दिसतं म्हणताय तर तिथे फाँटचं नाव बघा. श्रीलिपी किंवा सुरेख असलं काही निघालं तर डेटा बिघडलेलाच नाही, आत मुळात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलीत आणि फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. एक्सेलमध्ये त्या कॉलमला तोच फाँट द्या, नावं वाचता येतील. पण अकारविल्हे लावता येणार नाही आणि शोधताही येणार नाही, त्यासाठी कन्व्हर्टरने युनिकोड (मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत) करावं लागेल. ते कॉपीवर करा, आणि आधी इंग्रजी पुस्तकं बाजूला काढा नाहीतर कन्व्हर्टर त्यांचंही मराठी करून ठेवेल.

एक अजून, हे मी ठेच लागून शिकलोय. अशी जोडलेली शीट रिफ्रेश केली की नवीन पुस्तकं आपोआप येतात, छान वाटतं. मग कार्यकारिणीतलं कुणीतरी शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये ‘गहाळ’, ‘बाइंडिंग करणे’ असे शेरे लिहितं. पुढच्या रिफ्रेशला ओळी वरखाली झाल्या की पुस्तकं हलतात, शेरे असतात तिथेच राहतात. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या यादीत मी असाच एकटा नावांचा कॉलम सॉर्ट केला होता, पाचव्या मजल्याची थकबाकी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या नावावर लागली आणि ते वही घेऊनच दारात उभे! तेव्हा शेरे एकतर अ‍ॅक्सेसमध्येच नवीन कॉलम करून लिहा, नाहीतर वेगळ्या शीटवर दाखल क्रमांकासकट.

प्रश्न: मायएसक्यूएल या डेटाबेसमधून ऑर्डरचा डेटा सीएसव्ही करून एक्सेलमध्ये घेतला. टेबलात चौदा लाख ओळी आहेत, एक्सेलमध्ये साडेदहा लाखच दिसतात. ग्राहकांची मराठी नावं पण विचित्र येतायत, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए सारखा सारखा. सर्व्हरवर नावं बरोबर आहेत.
(एक वाचक, पुणे)

उत्तर: बरोबर साडेदहा नाही, १०,४८,५७६. एका शीटवर तेवढ्याच ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये तर ६५,५३६ च. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यात या जुन्या मर्यादेपायी कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. उरलेल्या ओळी दुसऱ्या शीटवर टाकायच्या भानगडीत पडू नका. चौदा लाख ओळी डोळ्याने वाचणारे कुणी आहे का? साहेबांना महिन्याची, जिल्ह्याची बेरीज हवी असेल तर ती डेटाबेसमध्येच ग्रुप बायने (गटवार बेरीज करणाऱ्या आज्ञेने) करा आणि तयार पाचपन्नास ओळी एक्सेलमध्ये आणा. सगळंच हवं असेल तर गेट डेटाने आणून शीटवर न उतरवता डेटा मॉडेलमध्ये (एक्सेलच्या आतल्या साठ्यात) टाका, वर पिव्हट (गटवार सारांश काढणारा तक्ता) लावा.

नावांचं दुखणं ग्रंथपालताईंपेक्षा वेगळं आहे. तुमचा डेटा युनिकोडच आहे, यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) आपलं एक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि एक्सेल प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतं, त्यामुळे ‘सई’ची सहा अक्षरं होतात. तो रेघवाला ए म्हणजे त्या तिनातला पहिला बाइट, म्हणून तो सगळीकडे. डेटा टॅबमधल्या फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्हीने घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा, झालं. पॉवर क्वेरी (ट्रान्सफॉर्म डेटा दाबल्यावर उघडते ती खिडकी) तिथे चेंज्ड टाइप नावाची पायरी स्वतःहून घालते, उजवीकडच्या यादीत दिसेल, ती फुली मारून काढा आणि प्रकार तुम्हीच ठरवा.

प्रश्न: आमच्याकडे एक्सेल नाही, लिब्रेऑफिस आहे. त्यात होतं का हे?
(एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: होतं की सर. आधी बेसमध्ये (लिब्रेऑफिसच्या डेटाबेसच्या भागात) डेटाबेसशी जोडणी करून फाइल सेव्ह करा, करताना रजिस्टर करायचं का विचारेल तेव्हा हो म्हणा. मग कॅल्कमध्ये, म्हणजे त्यातल्या एक्सेलमध्ये, कंट्रोल-शिफ्ट-एफ४ दाबलंत की वर पट्टी उघडते, तिथलं टेबल माउसने धरून शीटवर आणून सोडा. नवीन नोंदी आल्या की डेटा मेनूत रिफ्रेश रेंज आहे.