धूळ कोणती आणि कापूस कोणता

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. गोदीतल्या हमालांच्या मूळ छायाचित्राचे स्कॅन आणि तू दुरुस्त केलेली प्रत, दोन्ही मिळाले. डावीकडची फाटलेली कड तू इतकी बेमालूम जुळवली आहेस की ती मला भिंगाखाली शोधावी लागली. तरीही तुझी प्रत पाहताना मन अस्वस्थ झाले, आणि त्याचे कारण दोन ओळींत सांगून भागणारे नाही.

मी या कामात नवा होतो तेव्हा कापडगिरणीत काम करणाऱ्या एका लहान मुलीचे छायाचित्र माझ्याकडे आले होते. सूतकताईच्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या त्या मुलीच्या केसांवर, खांद्यांवर आणि मागच्या अंधारात शेकडो बारीक पांढरे ठिपके होते. ही धूळच, असे गृहीत धरून मी दोन दिवस एकेक ठिपका पुसत बसलो. काम संपल्यावर मूळ प्रत पुन्हा पाहिली, तेव्हा लक्षात आले की केसांवरचे ठिपके बटेच्या वळणाबरोबर वळले होते आणि यंत्राचा मागचा भाग जिथे धूसर झाला होता, तिथले ठिपकेही तितकेच धूसर होते. निगेटिव्हवर बसलेली धूळ अशी वागत नाही. छपाईच्या वेळी ती प्रकाश अडवते, त्यामुळे तिचा डाग पांढरा उमटतो हे खरे; परंतु जवळचे काय आणि दूरचे काय याच्याशी तिला देणेघेणे नसते, तिच्या कडा चित्रभर सारख्याच स्पष्ट असतात. मी पुसले होते ते कापसाचे तंतू. ती मुलगी दिवसभर ज्या हवेत श्वास घेत होती ती हवाच मी चित्रातून काढून टाकली होती, आणि छायाचित्रकार बहुधा तीच दाखवायला तिथे गेला असावा. मूळ स्कॅन जपून ठेवले होते, म्हणून निभावले.

तेव्हापासून कोणत्याही डागाला हात लावण्यापूर्वी तो कोणी आणि केव्हा पाडला, हे मी आधी विचारतो. निगेटिव्हच्या रसायनाच्या थरावर ओरखडा पडला की तिथली चित्र घडवणारी चांदी खरवडली जाते, प्रकाश अधिक झिरपतो आणि छापील प्रतीवर काळी रेघ येते. हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे रसायन, नीट धुतला गेला नसेल तर प्रत पिवळी पडते. काळ्या भागांवर, विशेषतः कडेला, तिरक्या प्रकाशात जी निळसर चकाकी दिसते ती पृष्ठभागावर आलेली चांदी असते. हे सारे काळाने आणि हाताळणीने केलेले नुकसान आहे. स्कॅनच्या प्रतीवर ते खुशाल दूर कर. मूळ कागदावर मात्र ओले फडके, चिकटपट्टी किंवा उघडी बोटे कधीही लावू नकोस. ओल लागली की चित्राचा थर धरून ठेवणारे जिलेटिन फुगते, आणि पुढचे काम संवर्धनतज्ज्ञाचेच असते.

खरी कसोटी लागते ती माणसांनी जाणूनबुजून केलेल्या खुणांपाशी. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या गरीब शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडत असत. त्या निगेटिव्ह छापल्या की शेतावर, रस्त्यावर, कधी माणसाच्या अंगावर काळे वर्तुळ येते. ते भरून काढणे अवघड नाही, पण भरले की कोणीतरी हे चित्र नाकारले होते ही गोष्टच नाहीशी होते. याच विभागासाठी डोरोथी लँग यांनी १९३६ साली टिपलेल्या स्थलांतरित आईच्या सुप्रसिद्ध छायाचित्रात उजवीकडे खाली, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. लँग यांना तो खटकला आणि १९३९ साली त्यांनी तो निगेटिव्हवरूनच काढून टाकवला. स्ट्रायकर यांना हे मान्य नव्हते. मला विचारशील तर मी स्ट्रायकर यांच्या बाजूचा आहे, जरी त्यांच्या पंचबद्दल मला राग असला तरी.

आता तुझ्या प्रतीकडे वळतो. मूळ छायाचित्रातले आकाश कोरे आहे ते विटल्यामुळे नाही. त्या काळच्या निगेटिव्हच्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश फार लवकर लागत असे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आकाश पांढरे पडे आणि लाल फेटा काळा येई. तू तिथे जे ढग आणून बसवलेस ते त्या दिवशीचे नाहीत. मागच्या रांगेतले चेहरे तू ज्या संगणक प्रणालीने रेखीव केलेस तिचेही तसेच आहे. धूसरपणात लपलेला डोळा ती शोधून काढत नाही, हजारो इतर चेहऱ्यांवरून शिकलेला एक डोळा ती तिथे रंगवते. त्या रांगेत आता जे उभे आहेत ते त्या गोदीवर कधीच नव्हते. माणूस ओळखू न येणे हेही नोंदीत राहू द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कर. सोळा बिटचे टिफ स्कॅन, म्हणजे छटांचा बारीक तपशील जपणारी फाइल, मूळ म्हणून वेगळे ठेव, त्यावर काहीही करू नकोस; दुरुस्ती प्रतीत चित्रावर ठेवलेल्या स्वतंत्र थरावर (लेयरवर) कर आणि काय बदलले ते सोबत लिहून ठेव. मात्र त्याआधी पाव तास काहीही न करता नुसते पाहत बस. चेहऱ्यांवरून नजर खाली आण: खांद्यावरच्या घडी घातलेल्या पोत्याकडे, अनवाणी पायांकडे, चौकटीच्या कडेकडे. कड सरळ करण्यासाठी तू उजवीकडची जी पट्टी कापून टाकलीस, तिच्यात एक मनगट आहे, स्वच्छ बाहीतले. हमालांपैकी कोणाच्याही अंगावर तशी बाही नाही. त्या मुठीत हजेरीच्या चिठ्ठ्या आहेत की मजुरीची नाणी, हे मला तू पाठवलेल्या लहान स्कॅनवरून ठरवता आले नाही. मूळ प्रत तुझ्याजवळ आहे. तेवढा कोपरा मोठा करून स्कॅन कर आणि मला लगेच पाठव.

तुझा हितचिंतक