फ्लाय स्वतः बांधाव्यात की विकत घ्याव्यात?

आपण विचारले आहे की फ्लाय फिशिंग सुरू करून सहा महिने झाल्यावर फ्लाय, म्हणजे गळावर दोरा आणि पिसे गुंडाळून केलेल्या कीटकाच्या प्रतिकृती, स्वतः बांधायला शिकाव्यात की विकतच्याच वापराव्यात, आणि शिकायचे ठरवल्यास कोणता संच घ्यावा. पुढे आपण लिहिले आहे की सोबतची जाणती मंडळी “घरच्या फ्लाय ओबडधोबड होतात, त्यांना मासा फसत नाही” असे सांगतात. या शेवटच्या वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसलो आहे, कारण जवळपास याच शब्दांत बारा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या चुलतभावाने मला सुनावले होते आणि आमचा तो वाद अजून मिटलेला नाही.

फ्लाय रॉड मी दादाकडूनच हाती घ्यायला शिकलो. तो नदीतले दगड उलटून त्यांखालचे कीटक बाटलीत भरून आणतो, भिंगाखाली ठेवून पाहतो आणि मग त्यांची हुबेहूब प्रतिकृती बांधतो. त्याच्या हाताला तोड नाही, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. मी मात्र कुणालाही न विचारता महिनाभर रात्री बसून सोळा नंबरच्या गळावर फेझंट टेल, म्हणजे निम्फची (पाण्यातल्या बाल-कीटकाची) फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या तंतूंनी केलेली फ्लाय, बांधत होतो. त्यातली त्यातल्या त्यात बरी जमलेली एक मी नदीवर त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने खिशातले भिंग काढले, ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “हिच्या शेपटीत पाच तंतू आहेत. इथल्या निम्फला तीन असतात. असल्या फ्लायकडे मासा ढुंकूनही पाहणार नाही, विकतच्या घे.” महिनाभराच्या कामावर एवढेच बोलून त्याने भिंग खिशात टाकले.

मी तीच फ्लाय दोराला लावून खळाळाच्या शेवटी, जिथे पाणी डोहात उतरते तिथे सोडली. पंधरा-वीस मिनिटांत तिला एक लहान ट्राउट लागला. त्याला सोडून मी पुन्हा फ्लाय टाकली, तेव्हा बऱ्यापैकी मोठ्या माशाने ती घेतली, दोर जोरात ओढला, आणि क्षणभराने दोर सैल पडला. हातात आला तो नुसता गळ आणि त्याला लोंबणारा वीतभर दोरा. पिसाचे तंतू विस्कटून गळाच्या वाकाशी गोळा झाले होते. दादाचे म्हणणे पडले की पहिला मासा अजाण होता, आणि दुसऱ्याने खोटे खाद्य ओळखून थुंकून टाकले. माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते.

उत्तर मला त्या रात्री दिव्याखाली सापडले. फ्लायचा उरलेला भाग भिंगाखाली धरला तेव्हा दिसले की मी गळाच्या नेढ्यामागे जागाच सोडलेली नव्हती. फ्लायच्या डोक्याशी घेतलेले दोऱ्याचे वेढे पुढे सरकत सरकत नेढ्याच्या कडीवर चढले होते, त्यामुळे व्हिप फिनिश या अखेरच्या गाठीचे वेढे दांड्यावर न बसता त्या गोल कडीवर बसले आणि ताण येताच घसरून निघाले. तांब्याची तारही मी पिसाच्या तंतूंच्या दिशेनेच गुंडाळली होती. ती तंतूंवरून आडवी जायच्या ऐवजी त्यांच्या मधल्या खाचेत बुडाली, आणि पहिल्या माशाच्या दातांनी तंतू कापले तेव्हा त्यांना धरून ठेवायला काहीच उरले नाही. त्यानंतर मी दादाने पूर्वी दिलेली, टोक मोडल्यामुळे निकामी झालेली एक फ्लाय घेतली आणि ब्लेडने गाठ कापून तिचा दोरा एकेक वेढा मोजत उलगडला. जिथे माझ्या डोक्याला बावीस वेढे होते, तिथे त्याच्या डोक्याला सात होते. नेढ्यामागे नेढ्याएवढीच मोकळी जागा होती, आणि दोरा पिळ काढून फितीसारखा चपटा बसवलेला होता. दादाची फ्लाय टिकत होती ती या सात वेढ्यांमुळे, आणि त्यांच्याबद्दल त्याने मला कधी एक शब्दही सांगितला नव्हता. सांगितले ते शेपटीच्या तंतूंबद्दल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की घरची फ्लाय ओबडधोबड असल्यामुळे निकामी ठरत नाही, ती सैल असल्यामुळे निकामी ठरते. दोऱ्याचा ताण हा पहिला धडा आहे. एका मोकळ्या गळावर दोरा मुद्दाम दहा वेळा ओढून तोडा, म्हणजे तो कुठे तुटतो हे बोटांना कळेल. त्यानंतर कायम त्या बिंदूच्या किंचित अलीकडे काम करा. बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे हत्यार) लोंबती सोडून गुंडाळण्याच्या उलट दिशेने फिरवली की दोऱ्याचा पिळ निघतो आणि तो चपटा बसतो. तार तंतूंच्या उलट दिशेने न्या. डबिंग, म्हणजे फ्लायच्या अंगासाठी दोऱ्यावर पिळायची लव, जेवढे पुरेसे वाटते त्याच्या निम्मे घ्या, आणि तेही बहुधा जास्तच होईल.

हुबेहूबपणाबद्दल मात्र मला दादाला जे तेव्हा सांगता आले नाही ते इथे सांगावेसे वाटते. फेझंट टेल ही ज्यांची निर्मिती आहे ते फ्रँक सॉयर इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात एव्हन नदीचे राखणदार होते आणि त्यांचे आयुष्य त्या पाण्यात डोकावण्यात गेले. त्यांनी आपल्या फ्लायमध्ये दोरा वापरलाच नाही. बारीक तांब्याच्या तारेने आणि फेझंटच्या शेपटीच्या मोजक्या तंतूंनी सगळे काम केले, कारण तीच तार फ्लायला बांधते आणि तीच तिला बुडवते. त्या फ्लायला पायही नाहीत. पोहताना निम्फ पाय अंगाशी घेते, हे त्यांनी पाहिलेले होते. म्हणजे ज्या फ्लायची शेपटी दादा माझ्यासमोर मोजत होता, तिच्या कर्त्यानेच कीटकाचे सहाही पाय वगळले होते आणि आकार, जाडी व खोली एवढ्यावर भर दिला होता. त्याही मागे जायचे तर इलियन या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी मॅसिडोनियातल्या मच्छीमारांचे वर्णन केले आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधत. त्या फ्लायच्या बांधणीच्या वर्णनात याहून जास्त काही नाही, आणि त्यांना मासे मिळत होते. वाहत्या पाण्यातल्या माशाला ठरवायला फार तर एक-दोन सेकंद मिळतात. त्याला दिसते ती एक सावळी आकृती, तिची लांबी आणि ती आपल्या पातळीवरून वाहते आहे की डोक्यावरून निघून जाते आहे, हे. फ्लाय बुडावी म्हणून गळावर ओवलेला टंगस्टनचा मणी तेवढ्याच पितळेच्या मण्याच्या दुपटीहून जड असतो, आणि तेवढ्या फरकाने रिकामी सकाळ भरून निघाल्याचे मी अनेकदा अनुभवले आहे. शेपटीचा एखादा तंतू कमी-जास्त झाल्याने असे घडल्याचे मात्र एकदाही आठवत नाही.

दादाला हे मान्य नाही. त्याच्या मते संथ, आरशासारख्या पाण्यात, पृष्ठभागावरचे कीटक निवडून खाणाऱ्या माशासमोर माझा युक्तिवाद टिकणार नाही, आणि त्या एका परिस्थितीपुरते मी त्याचे म्हणणे खोडू शकत नाही. परंतु सहा महिन्यांच्या शिकाऊ माणसाला अशा पाण्यावर कोण उभे करतो?

आता संचाविषयी. पेटीत सगळे भरून मिळणारा तयार संच घेऊ नका. त्यातला व्हाइस, म्हणजे गळ पकडून ठेवणारा शिकंजा, गळ घट्ट धरत नाही आणि त्यातली निम्मी पिसे कुठल्याच एका फ्लायला पुरत नाहीत. गळ न हलू देणारा साधा व्हाइस, बॉबिन, फक्त याच कामासाठी ठेवलेली धारदार कात्री, ७० डेनियर जाडीचा एक दोरा, बारीक तांब्याची तार, फेझंटची एक शेपटी आणि चौदा नंबरचे पन्नास गळ एवढे पुरे. या पन्नासही गळांवर एकच फ्लाय बांधा. दहावी आणि चाळिसावी शेजारी ठेवून पाहिल्यावर काय सुधारले ते कुणी सांगावे लागत नाही, आणि पहिल्या दहा ब्लेडने उलगडून तेच गळ पुन्हा वापरता येतात. पिसे जमवण्याच्या नादाला लागू नका. या नादाचे टोक कुठवर जाते ते २००९ साली दिसले, जेव्हा ब्रिटनमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली आणि चोर दुर्मिळ पिसांच्या शोभिवंत सॅमन फ्लाय बांधण्यात निष्णात असलेला एक तरुण निघाला.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबायचा असेल तर फ्लाय बांधण्याआधी दाबा. त्यात टोक मोडले तर निदान बांधणीची मेहनत वाया जात नाही. वजनासाठी शिशाची तार वापरली तर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. पैसे वाचतील म्हणून शिकणार असाल तर शिकू नका, कारण पहिली दोन वर्षे ते वाचत नाहीत. वर्षातून चार-पाच वेळाच नदीवर जाणार असाल, किंवा बारीक काम करताना डोळ्यांवर ताण येत असेल, तर विकतच्या फ्लाय खुशाल वापरा. मात्र वापरण्याआधी प्रत्येकीच्या डोक्यावर पातळ सिमेंटचा, म्हणजे गाठ पक्की करणाऱ्या लाखेसारख्या द्रवाचा, एक थेंब सोडा आणि तो नेढ्यात गेला तर ओला असतानाच सुईने काढून टाका.